ऑफिसचे बीटा, प्रिव्ह्यू आणि ट्रायल: कोणती मुदत कधी संपते आणि तेव्हा काय करायचे

वर्ड उघडले आणि वरची पट्टी लाल दिसली, किंवा टाइप करायला गेले तर सगळे मेनू करडे पडलेले, की बहुतेक जण नवी प्रॉडक्ट की शोधायला लागतात. त्याआधी एक गोष्ट पाहायला हवी. ऑफिसमध्ये तीन निरनिराळ्या मुदती चालू असतात, त्यातली नेमकी कोणती संपली? ते न कळता केलेला उपाय वाया तरी जातो, नाहीतर चांगले चाललेले ऑफिसही बंद पाडतो. हा लेख मुख्यतः मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या चाचणी आवृत्त्या पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी आणि शाळा-कार्यालयांतले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

तीन मुदती, तीन घड्याळे

पहिली मुदत ग्रेस पिरियडची. सॉफ्टवेअर इन्स्टॉल केल्यापासून ॲक्टिव्हेट करेपर्यंत, म्हणजे परवान्याची खातरजमा होईपर्यंत, मिळणारी ही सवलत. ऑफिस एक्सपी आणि २००३ मध्ये ती दिवसांत मोजतच नसत. प्रोग्रॅम ५० वेळा उघडता येई, २००७ मध्ये हा आकडा २५ वर आला. ऑफिस २०१० पासून दिवस मोजायला सुरुवात झाली. संस्थांसाठीच्या व्हॉल्यूम आवृत्तीला ३० दिवस मिळतात.

दुसरी मुदत ट्रायलची. इथे परवाना खरा असतो आणि ॲक्टिव्हेशनही झालेले असते, फक्त तो परवानाच ठरावीक दिवसांचा असतो. ऑफिस २०१० चे ट्रायल ६० दिवसांचे होते. आता मायक्रोसॉफ्ट ३६५ चे एक महिन्याचे मिळते. ‘ॲक्टिव्हेटेड’ असे दिसत असूनही महिन्याने बंद का पडले, या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथे सापडते.

तिसरी मुदत बीटा किंवा प्रिव्ह्यूची, म्हणजे अंतिम आवृत्तीआधी चाचणीसाठी दिलेल्या प्रतीची, आणि नवे लोक सर्वांत जास्त फसतात ते हिच्यात. ही कॅलेंडरवरची पक्की तारीख असते. ऑफिस २०१० चा बीटा नोव्हेंबर २००९ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि त्याची शेवटची तारीख होती ३१ ऑक्टोबर २०१०. डिसेंबरात इन्स्टॉल करणाऱ्याला दहा महिन्यांहून जास्त काळ मिळाला, सप्टेंबरात करणाऱ्याला जेमतेम काही आठवडे. औषधाच्या पट्टीवरच्या एक्स्पायरीसारखेच हे. पट्टी कधी विकत घेतली याला काही अर्थ नाही. पुन्हा इन्स्टॉल करणे, वेगळी प्रॉडक्ट की टाकणे, ग्रेस पिरियड नव्याने सुरू करणे यांपैकी कशानेही ही तारीख एका दिवसानेसुद्धा पुढे सरकत नाही.

तिन्ही घड्याळे एकाच वेळी चालू असू शकतात. बीटा इन्स्टॉल केला आणि ॲक्टिव्हेट केला नाही, तर तो ३० व्या दिवशी कुरकुरायला लागेल. ॲक्टिव्हेट केला, तर तारखेपर्यंत चालेल. जी मुदत आधी संपते ती लागू.

इन्स्टॉल करण्याआधी

१. शेवटची तारीख शोधून लिहून ठेवा. ती डाउनलोडच्या पानावर, रिलीज नोट्समध्ये किंवा परवान्याच्या मजकुरात असते. परवाना कोणी वाचत नाही हे खरे, पण त्यातला मुदतीचा परिच्छेद तेवढा वाचावा. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेच्या तीन आठवडे आधीची आठवण लावावी. शेवटच्या दिवसाची आठवण लावून उपयोग नाही, कारण नवी आवृत्ती मिळवून फायली तपासायला वेळ लागतो.

२. रोजच्या कामाच्या कॉम्प्युटरवर प्रिव्ह्यू टाकू नका. वेगळा कॉम्प्युटर नसेल तर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर, करावे. विंडोज प्रो असेल तर ते बनवणारे हायपर-व्ही त्यातच येते. आत टाकायला विंडोज ११ एंटरप्राइझची मूल्यमापन प्रत ९० दिवसांसाठी मोफत मिळते. मात्र तिलाही स्वतःची मुदत आहे, ती संपल्यावर मशीन दर तासाला आपोआप बंद होऊ लागते. तेव्हा ऑफिस बिघडले असे समजून त्याच्यामागे लागू नये. विंडोज सँडबॉक्स (विंडोजमधलीच चाचणीची तात्पुरती जागा) यासाठी निरुपयोगी, कारण खिडकी बंद केली की आतले सगळे पुसले जाते.

३. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची जतन केलेली प्रत, ऑफिस टाकण्याआधी घ्या. नंतर घेतलेल्या स्नॅपशॉटमध्ये मुदत अर्धवट चाललेली असते. स्नॅपशॉट परत आणला तरी बीटाची तारीख मागे जात नाही, कारण ती खऱ्या तारखेशी ताडून पाहिली जाते.

४. जुने ऑफिस कोणते आहे ते पाहा. ३२ बिट आणि ६४ बिट ऑफिस एका कॉम्प्युटरवर एकत्र नांदत नाहीत. आउटलुकच्या दोन आवृत्त्याही शेजारी शेजारी बसत नाहीत. आणखी एक अडचण: २०१६, २०१९, २०२१ आणि २०२४ या चारही आवृत्त्यांचा आतला क्रमांक १६ च आहे. त्यामुळे २०२१ तसेच ठेवून बाजूला २०२४ चा प्रिव्ह्यू टाकू, हा बेत जमत नाही. जुने काढावेच लागते. म्हणून वर वेगळ्या मशीनचा आग्रह धरला.

५. प्रॉडक्ट की वेगळी लागते. प्रिव्ह्यूसाठी स्वतंत्र की दिलेली असते. विकत घेतलेल्या आवृत्तीची की प्रिव्ह्यूत चालत नाही आणि प्रिव्ह्यूची की अंतिम आवृत्तीत चालत नाही. ‘इन्व्हॅलिड की’ अशी तक्रार येण्याचे बहुतेक वेळा एवढेच कारण असते.

इन्सायडर, म्हणजे नवे बदल सर्वांआधी वापरून पाहण्याची मायक्रोसॉफ्टची योजना, हा प्रकार यापेक्षा निराळा आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे सबस्क्रिप्शन असेल, तर ‘फाइल’ → ‘अकाउंट’ मधून इन्सायडर निवडता येते. मग ‘बीटा चॅनेल’ किंवा ‘करंट चॅनेल प्रिव्ह्यू’ मिळते. इथे वेगळी की नसते, परवाना सबस्क्रिप्शनचाच चालतो. नवख्याने करंट चॅनेल प्रिव्ह्यूपासून सुरुवात करावी, कारण बीटा चॅनेलवर येणारे बदल जास्त कच्चे असतात. कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर हा पर्याय दिसत नसेल, तर तो तुमच्या आयटी विभागाने बंद ठेवलेला असतो.

सध्याची स्थिती कशी पाहायची

सोपा मार्ग: वर्ड उघडा, ‘फाइल’, मग ‘अकाउंट’. उजवीकडे ‘प्रॉडक्ट ॲक्टिव्हेटेड’, ‘सबस्क्रिप्शन प्रॉडक्ट’ किंवा ‘ॲक्टिव्हेशन रिक्वायर्ड’ यांपैकी काहीतरी दिसेल. त्याखालच्या ‘अबाउट वर्ड’मध्ये आवृत्ती, बिल्ड क्रमांक, बिट आणि चॅनेल असते. तक्रार नोंदवताना ही ओळ जशीच्या तशी कॉपी करावी, ‘नवीन वर्ड’ एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही.

पण या पडद्यावर किती दिवस उरले ते बहुधा दिसत नाही. त्यासाठी दुसरा मार्ग.

१. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा.

२. प्रोग्रॅम फाइल्समधल्या मायक्रोसॉफ्ट ऑफिस या फोल्डरात जा. तिथे २०१० साठी ऑफिस१४, २०१३ साठी ऑफिस१५ आणि त्यापुढच्या सगळ्यांसाठी ऑफिस१६ नावाचे फोल्डर असते. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट ऑफिस असेल, तर ‘एक्स८६’ लिहिलेल्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये पाहावे. ‘फाइल सापडत नाही’ हा संदेश बहुतेक वेळा चुकीच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये गेल्यामुळे येतो.

३. ‘सीस्क्रिप्ट ओएसपीपी.व्हीबीएस /डीस्टेटस’ ही आज्ञा द्या. टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायची.

येणाऱ्या मजकुरात चार ओळी महत्त्वाच्या. ‘लायसन्स डिस्क्रिप्शन’मध्ये परवाना रिटेल (सुटा विकत घेतलेला) आहे की व्हॉल्यूम (संस्थेचा) ते कळते, व्हॉल्यूम असल्यास तो केएमएस आहे की एमएके तेही (संस्थांच्या ॲक्टिव्हेशनच्या या दोन पद्धती पुढे सांगितल्या आहेत). ‘लायसन्स स्टेटस’मध्ये ‘लायसन्स्ड’ असेल तर सगळे ठीक. ‘ओओबी ग्रेस’ असेल तर ग्रेस पिरियड चालू आहे. ‘नोटिफिकेशन्स’ असेल तर तो संपला. ‘रिमेनिंग ग्रेस’मध्ये उरलेले दिवस आणि कंसात मिनिटे असतात. ३० दिवस म्हणजे ४३,२०० मिनिटे. शेवटची ओळ असते प्रॉडक्ट कीच्या शेवटच्या पाच अक्षरांची. एकाच कॉम्प्युटरवर दोन-तीन परवाने पडून राहिले असतील, तर ही पाच अक्षरेच ओळख पटवतात.

दोन परवाने दिसणे ही नेहमीची भानगड आहे. ट्रायलचा परवाना संपून मागे पडलेला असतो आणि नवा व्यवस्थित चालू असतो, तरीही ‘मुदत संपली’ अशी पाटी येत राहते. अशा वेळी त्याच आज्ञेत ‘/डीस्टेटस’च्या जागी ‘/अनपीकी’, पुढे विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके आणि जुन्या कीची शेवटची पाच अक्षरे द्यावीत. जुना परवाना निघतो, पाटी जाते.

मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या नव्या आवृत्त्यांत सबस्क्रिप्शनचा परवाना या स्क्रिप्टला दिसेलच असे नाही. त्याच फोल्डरातली ‘व्हीनेक्स्टडायग’ नावाची पॉवरशेल स्क्रिप्ट तिथे उपयोगी पडते.

ॲक्टिव्हेशन अडते कुठे

घरगुती परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेला असतो. साइन-इन केले की काम झाले. अडचण येते ती एकाच माणसाची दोन-तीन खाती असल्यामुळे: ऑफिस विकत घेतले एका ईमेलवर आणि वर्डमध्ये साइन-इन दुसऱ्याच ईमेलवर.

एमएके ही संस्थेला दिलेली, ठरावीक वेळा वापरता येणारी की. कॉम्प्युटर फॉरमॅट करून पुन्हा ॲक्टिव्हेट केला की एक आकडा खर्ची पडतो. लॅबमधले कॉम्प्युटर दर सत्रात फॉरमॅट होत असतील, तर वर्षभरात एमएके संपते.

केएमएसमध्ये संस्थेच्या नेटवर्कवर एक सर्व्हर असतो आणि बाकीचे कॉम्प्युटर त्याच्याकडून ॲक्टिव्हेट होतात. यातले आकडे पाठ असावेत. ऑफिससाठी किमान ५ कॉम्प्युटरनी विनंती केल्याशिवाय सर्व्हर कोणालाच ॲक्टिव्हेट करत नाही. ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकते. दर ७ दिवसांनी ते आपोआप ताजे करण्याचा प्रयत्न होतो. पोर्ट क्रमांक १६८८.

या आकड्यांमधूनच बहुतेक बिघाड समजतात.

त्रुटीच्या कोडच्या शेवटी एफ०३८: विनंत्या पाचपेक्षा कमी आहेत. लॅबमध्ये चारच कॉम्प्युटर असतील तर केएमएस कधीच चालणार नाही, तिथे एमएके घ्यावी. कॉम्प्युटर वीस आहेत आणि तरीही हा कोड येतो, तर सगळे एकाच डिस्क इमेजवरून (एका कॉम्प्युटरच्या संपूर्ण डिस्कच्या प्रतीवरून) क्लोन केलेले असतात. सर्व्हरला ते एकच कॉम्प्युटर वाटतात. यावरचा उपाय पुढे ‘रीआर्म’मध्ये आहे.

शेवटी एफ०७४: सर्व्हरशी संपर्कच होत नाही. फायरवॉलमध्ये १६८८ उघडा आहे का, डीएनएसमध्ये सर्व्हरची नोंद आहे का, आणि लॅपटॉप घरी नेलेला असेल तर व्हीपीएन जोडले आहे का, या क्रमाने पाहावे. सहा महिने संस्थेच्या नेटवर्कवर न आलेला लॅपटॉप हमखास या कोडवर अडकतो. व्हीपीएन जोडून ‘/डीस्टेटस’च्या जागी ‘/ॲक्ट’ दिले की सुटतो.

शेवटी एफ०६सी: कॉम्प्युटरचे आणि सर्व्हरचे घड्याळ चार तासांहून जास्त वेगळे आहे. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, बहुधा सीआर२०३२, संपलेला असतो. रोज सकाळी तारीख अनेक वर्षे मागे गेलेली दिसते. सेल बदलावा, तारीख दुरुस्त करावी आणि पुन्हा ‘/ॲक्ट’ द्यावे. तारीख चुकली की घरगुती ॲक्टिव्हेशनही अडते, कारण सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे त्या तारखेला वैध ठरत नाहीत.

याच कारणाने मुदत वाढवायला घड्याळ मागे करण्याची युक्ती चालत नाही. परवान्याची यंत्रणा तारखेतली मागची उडी ओळखते, आणि वर ब्राउझर, ईमेल, विंडोज अपडेट सगळेच अडखळायला लागते.

रीआर्म

ऑफिस २०१० च्या व्हॉल्यूम आवृत्तीबरोबर ‘ओएसपीपीरीआर्म’ नावाचा छोटा प्रोग्रॅम येऊ लागला. तो चालवला की ३० दिवसांचा ग्रेस पिरियड पुन्हा शून्यापासून सुरू होतो. असे पाच वेळा करता येते: मूळचे ३० आणि पाच वेळचे १५०, मिळून १८० दिवस. इंटरनेटवर याची ‘सहा महिने फुकट’ अशी जाहिरात फिरते, पण मुळात ही सोय डिस्क इमेज तयार करणाऱ्यांसाठी आहे. इमेज बनवण्याआधी रीआर्म केले की प्रत्येक क्लोनला स्वतःची वेगळी ओळख मिळते आणि पूर्ण ३० दिवसही मिळतात. वर सांगितलेला वीस कॉम्प्युटरचा घोळ असाच सुटतो. क्लोन आधीच झाले असतील, तर प्रत्येकावर एकदा रीआर्म चालवून मग ‘/ॲक्ट’ द्यावे.

दिवस साठत नाहीत. दहा दिवस शिल्लक असताना रीआर्म केले तर ते दहा बुडतात, चाळीस होत नाहीत. सहाव्यांदा प्रयत्न केला की डी३०७ वर संपणारा कोड येतो. बीटाच्या कॅलेंडरवरच्या तारखेवर रीआर्मचा काहीही परिणाम नाही, हे पुन्हा सांगितलेले बरे.

बाजारात काही शे रुपयांत मिळणाऱ्या ‘लाइफटाइम’ की पुष्कळदा कुठल्या तरी संस्थेच्या व्हॉल्यूम की असतात. त्या बंद केल्या गेल्या की ऑफिसही बंद. ‘ॲक्टिव्हेटर’ नावाने फिरणारे प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर खोटा केएमएस सर्व्हर उभा करतात. विंडोजमधला अँटिव्हायरस डिफेंडर त्यांना हॅकटूल म्हणून पकडतो, आणि ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही त्यांची पहिली सूचना पाळली की पुढे काय आत शिरेल त्याची हमी कोणी देत नाही.

नवा लॅपटॉप आणि ट्रायल

दुकानदार ‘ऑफिस लाइफटाइम मिळेल’ म्हणतो तेव्हा बॉक्सवर नेमके काय लिहिले आहे ते पाहावे. ‘होम अँड स्टुडंट’ किंवा ‘होम’ असेल तर ती कायमची प्रत. ‘३६५’ असेल तर ते एक महिन्याचे ट्रायल किंवा एक वर्षाचे सबस्क्रिप्शन. कायमच्या प्रतीलाही एक मुदत आहेच: नव्या लॅपटॉपवर विंडोज ॲक्टिव्हेट झाल्यापासून १८० दिवसांत ऑफिस आपल्या खात्याला जोडून घ्यावे लागते. दिवाळीत घेतलेला लॅपटॉप मुलाने गेमसाठीच वापरला आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर वर्ड उघडले, तर ही मुदत टळून गेलेली असते. म्हणून विंडोजच्या पहिल्या साइन-इनबरोबरच वर्ड उघडून ॲक्टिव्हेट करावे, आणि ते घरातल्या मोठ्या माणसाच्या कायम राहणाऱ्या खात्यावर करावे.

३६५ चे ट्रायल घेताना कार्ड मागतात आणि महिन्यानंतर पैसे आपोआप कापले जातात. नको असेल तर ट्रायल सुरू केल्यावर लगेच खात्याच्या पानावर जाऊन ‘रिकरिंग बिलिंग’ बंद करावे. पैसे कापण्याआधी किमान २४ तास बँकेने कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो संदेश आला तर रद्द करायला तेवढाच वेळ उरलेला असतो.

सबस्क्रिप्शन चालू असतानाही ३० दिवसांत एकदा इंटरनेटशी जोडणी व्हावी लागते. गावी नेटशिवाय दोन महिने ठेवलेल्या लॅपटॉपवर वर्ड फक्त वाचण्या-छापण्यापुरते उरते. नेट जोडून साइन-इन केले की पूर्ववत होते, नवे पैसे भरायची गरज नसते.

मुदत संपल्यावर

फायली कुठेही जात नाहीत. मुदत प्रोग्रॅमची संपते, कागदपत्रांची नाही. त्या लिबरऑफिस या मोफत ऑफिस संचात, दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या वर्डमध्ये किंवा ब्राउझरमधल्या मोफत वर्डमध्ये उघडतात. घाईघाईने कॉम्प्युटर फॉरमॅट करणे हाच खरा धोका. आउटलुकचे मात्र जपावे. पीएसटी फाइलमध्ये मेल साठवलेली असेल, तर ती आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करावी.

अंतिम आवृत्तीवर जाताना प्रिव्ह्यूवरच नवी आवृत्ती चढवू नये. कंट्रोल पॅनेलमधून प्रिव्ह्यू काढावा, मशीन रीस्टार्ट करावे आणि मगच नवी टाकावी. प्रूफिंग टूल्स, व्हिजिओ किंवा प्रोजेक्ट यांचे प्रिव्ह्यू वेगळे टाकलेले असतील तर तेही काढावेत. एक जरी मागे राहिला तरी नवे इन्स्टॉलेशन अडते. कंट्रोल पॅनेलने नीट निघत नसेल, तर ऑफिस पूर्णपणे काढणारे मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे साधन त्यांच्या मदतीच्या पानावरून घ्यावे. रजिस्ट्रीत हाताने खोडाखोड करण्यापेक्षा ते केव्हाही बरे. इन्सायडरमधून बाहेर पडायचे असेल तर ‘अकाउंट’मध्ये चॅनेल सोडावे. जुन्या बिल्डवर लगेच परतायचे असल्यास तिथेही काढून पुन्हा टाकणे हाच मार्ग.

प्रिव्ह्यूत मराठी मजकूर तपासणार असाल, तर ‘र्‍या’ आणि ‘र्‍ह’ असलेले शब्द, तीन व्यंजनांची जोडाक्षरे आणि तक्त्यातल्या देवनागरी अंकांचा क्रम आवर्जून पाहावा. ‘निर्मला यूआय’ आणि ‘मंगल’ अशा दोन फाँटमध्ये तोच उतारा ठेवला, तर दोष फाँटचा की वर्डचा ते वेगळे काढता येते. कळवताना बिल्ड क्रमांक आणि फाँटचे नाव द्यावे.

लिबरऑफिसमध्ये ॲक्टिव्हेशन नाही, प्रॉडक्ट की नाही, मुदतही नाही. वर्षातून दोन मोठ्या आवृत्त्या येतात आणि २०२४ पासून त्यांना वर्ष आणि महिन्याचा क्रमांक असतो, जसे २४.२ आणि २४.८. त्यांचे अल्फा आणि बीटा ‘लिबरऑफिसडेव्ह’ या वेगळ्या नावाने, वेगळ्या प्रोफाइलसह बसतात, त्यामुळे कामाच्या आवृत्तीला धक्का लागत नाही. आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट मात्र तुमच्या नेहमीच्या लिबरऑफिसच्या जागीच बसतो, म्हणून तो टाकण्याआधी यूजर प्रोफाइलच्या फोल्डरची एक प्रत काढून ठेवावी.